भिंत चालते तेव्हा

चांगदेव वाघावर बसून, हाती सापाचा आसूड घेऊन भेटीला निघाले. आणि इकडे आळंदीत ज्ञानदेव व त्यांची भावंडे ज्या भिंतीवर बसली होती, ती भिंतच उठून पाहुण्याला सामोरी गेली. ही कथा मराठी घरातल्या मुलाला मुळाक्षरांच्या आधी ठाऊक होते. तिचा आपण काढतो तो अर्थही ठरलेला आहे : सजीवाला धाकात ठेवणे सोपे, निर्जीवाला चैतन्य देणे अवघड. हा अर्थ मला मान्यच आहे. परंतु मला या कथेत आणखी एक माणूस दिसतो, आणि तो कथेत कोठेही नाही. ती भिंत ज्याने बांधली तो गवंडी. त्याने दगड पारखले असतील, माती मळली असेल, चार पोरांना उन्हाला बसता येईल एवढी तिची रुंदी राखली असेल. चमत्कार ज्ञानदेवांचा, याबद्दल वाद नाही. पण चालायला भिंत तर हवी होती! तिच्या बांधणाऱ्याला आपल्या हिशेबात कोठे धरायचे?

अध्यात्माच्या दरबारात हा प्रश्न पोरकट ठरेल. चित्रपटाच्या दुनियेत मात्र तो रोजचा आहे, आणि तेथे तो नीतीचा प्रश्न होतो. आपण सहज बोलून जातो, ‘ही शांतारामबापूंची शैली’, ‘हे खास सत्यजित राय यांचे’, ‘असा उजेड गुरुदत्तच पाहू जाणे’. या बोलण्यात खोटे काही नाही. पण डोळे मिटून तो चित्रपट पुन्हा आठवावा. काय आठवते? एखादा जिना आठवतो, त्याच्या कठड्यावर टेकलेला हात आठवतो. एक अंगण आठवते, त्यात वरून उतरणारा पांढुरका प्रकाश आठवतो. पोपडे निघालेली भिंत आणि तिच्यापाशी उभी असलेली बाई आठवते. नटाचा चेहरा आठवतो तोही कशाच्या तरी पुढे किंवा कशाच्या तरी आत. आणि हे ‘कशाचे तरी’ दुसऱ्याच कोणी बांधलेले असते. सुताराने, रंगाऱ्याने, साचेकाम करणाऱ्याने, आणि त्या सर्वांच्या हातांना दिशा देणाऱ्या कलादिग्दर्शकाने. मग शैली कोणाची?

माझे एक स्नेही आहेत. जुने बोलपट त्यांना संवादांसकट पाठ आहेत. त्यांच्यापाशी हा विषय काढला तेव्हा ते हसले. म्हणाले, ‘अहो, मूर्ती पाथरवट घडवितो, पण प्राणप्रतिष्ठा झाल्यावर नमस्कार देवाला करता की पाथरवटाला? दिग्दर्शक प्राण घालतो. बाकी सगळे दगडकाम!’ हे उत्तर ऐकायला गोड आहे आणि चटकन पटते. जी उत्तरे चटकन पटतात, ती मडके घेताना वाजवून पाहतो तशी थोडी वाजवून पाहावीत.

त्यासाठी फार दूर जावे लागत नाही. कोल्हापूरपर्यंत गेले की पुरते. संगीत नाटकांच्या काळी आपल्या रंगभूमीवर भिंती नव्हत्या, पडदे होते. राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा. दोरी ओढली की अयोध्येचे दंडकारण्य होई. असे पडदे रंगविणाऱ्यांत कोल्हापूरचे आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांचे नाव मोठे होते. आनंदराव १९१६ मध्ये गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, आणि १९२० मध्ये त्यांचा ‘सैरंध्री’ लोकांपुढे आला. नाटकाचा पडदा रंगविणाराच चित्रपटाकडे वळला, याला मी निव्वळ योगायोग मानीत नाही. रंगविलेल्या पडद्याचा दुबळेपणा त्याच्याइतका कोणाला ठाऊक असणार? पडद्याला तोंड असते. पाठ नसते, कूसही नसते. नाटकाचा प्रेक्षक खुर्चीवरून उठून बाजूने पाहायला जात नाही, म्हणून तेथे ते खपते. कॅमेरा मात्र खुर्चीला खिळलेला नसतो. तो जवळ जातो, कोनात उभा राहतो, आणि रंगविलेली सावली एका दिशेला व खरी सावली दुसऱ्या दिशेला पडली आहे, हे निष्ठुरपणे दाखवितो. म्हणून खांब उभे करावे लागले, कमानी कराव्या लागल्या, भिंतींना जाडी द्यावी लागली. जाडी आली तशी छाया आली; छाया आली तसा उजेड कोठून यावा हा प्रश्न आला; आणि उजेडाची जागा ठरली की नटाने कोठे उभे राहावे हेही बरेचसे ठरून गेले. पाहा, दिग्दर्शकाने अजून कपाळाला आठीसुद्धा घातलेली नाही, आणि भिंतीने एवढ्या गोष्टी ठरवून टाकल्या!

याच बाबूरावांच्या हाताखाली दामले, फत्तेलाल आणि शांताराम तयार झाले. १९२९ मध्ये त्यांनी धायबर आणि कुलकर्णी यांना घेऊन कोल्हापुरात ‘प्रभात’ काढली. १९३३ मध्ये ती पुण्यास आली. तेथील कलादिग्दर्शनाची बाजू फत्तेलालांची. मंडळी त्यांना साहेबमामा म्हणत. आता दोन चित्रपट शेजारी ठेवून पाहू. १९३४ चा ‘अमृतमंथन’ शांतारामबापूंचा. त्यात बळी घेणाऱ्या देवीचे मंदिर आहे, काळोख आहे, त्या काळोखातून उजळलेला राजगुरूचा डोळा आहे. माणसाला लहान करून टाकणारी अशी ती वास्तू आहे; तिच्यात शिरले की भय आपोआप पाठीवर हात ठेवते. आणि १९३६ चा ‘संत तुकाराम’ पाहा. दिग्दर्शन दामले आणि फत्तेलाल या जोडीचे. तेथे देहू आहे. ठेंगण्या भिंतींचे घर, शेणाने सारवलेली जमीन, दारापाशी म्हैस. त्या घरात विष्णुपंत पागनिसांचा तुकाराम हरवल्यासारखा बसतो, आणि गौरीची जिजाई त्याच घरात कंबर कसून वावरते. चार पावलांत संपणाऱ्या घरात बायकोचा संताप नवऱ्याच्या ध्यानाला अडखळल्यावाचून राहणार कसा? त्या दोघांच्या संसाराची सारी गंमत आणि सारे कारुण्य त्या घराच्या मापात आहे. व्हेनिसच्या महोत्सवात हा चित्रपट १९३७ मध्ये नावाजला गेला, तेव्हा देहू कोठे आहे हे तेथे कोणाला ठाऊक असणार? पण घर लहान असले की माणसे एकमेकांना लागतात, हे कोणत्याही देशात समजते.

एकाच फत्तेलालांच्या हातून दोन तऱ्हेच्या भिंती निघाल्या. एक भिंत शांतारामबापूंच्या आवेशाला शोभणारी, दुसरी देहूच्या साधेपणाला. म्हणजे शैली नुसती कलादिग्दर्शकाची म्हणावी, तर तीही अडचण आहे. माझ्या स्नेह्यांनी येथे विजयाने मान हलविली असती. पण थांबा, कलकत्त्याची साक्ष अजून व्हायची आहे.

बन्सी चंद्रगुप्त हा सियालकोटात जन्मलेला आणि काश्मिरात वाढलेला तरुण. चित्रकार व्हावे म्हणून तो कलकत्त्यास आला. जाँ रेन्वार हा फ्रेंच दिग्दर्शक ‘द रिव्हर’ चित्रित करण्यासाठी बंगालमध्ये आला, तेव्हा बन्सीने कलादिग्दर्शक यूजीन लूरिए यांच्या हाताखाली काम केले. पुढे सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’चे (१९५५) कलादिग्दर्शन त्याने केले, आणि नंतरची दहा-पंधरा वर्षे राय यांच्या चित्रपटांतील घरे बन्सी बांधीत गेला. राय हे काही रेघ मारता न येणारे गृहस्थ नव्हते. शांतिनिकेतनात शिकलेले, जाहिरातसंस्थेत चित्रकार म्हणून नोकरी केलेले. सेटची, वेशभूषेची, प्रत्येक दृश्याची रेखाटने ते स्वतः वहीत काढीत. अशा माणसाला कलादिग्दर्शकाची गरज ती काय, असे कोणी म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर ‘अपराजितो’मध्ये (१९५६) आहे.

हरिहरचे कुटुंब काशीला राहायला जाते. काशीचे जुने घर म्हणजे मध्ये चौक, वर उघडे आभाळ, भोवती खोल्या. असे घर कलकत्त्यात उभारायचे होते. ते उघड्यावर उभारावे असा आधी बेत होता. पण पावसाळ्याची भीती पडली आणि सेट स्टुडिओच्या छताखाली न्यावा लागला. छायालेखक सुब्रत मित्र हवालदिल झाले. आभाळातून चौकात उतरणारा उजेड सौम्य असतो. त्याला बोट दाखविता येईल अशी सावली नसते. स्टुडिओत वरून दिवे टांगावेत तर एका माणसाच्या चार सावल्या जमिनीवर नाचू लागतात, आणि भिंत कितीही हुबेहूब असली तरी घर लटके ठरते. तेव्हा मित्रांनी चौकावर पांढरे कापड ताणून बसविले, दिव्यांची तोंडे त्या कापडाकडे वळविली, आणि कापडावरून परतलेला उजेड खाली सोडला. कापडाचे आभाळ झाले. हा परावर्तित प्रकाश पुढे राय यांच्या चित्रपटांचा श्वासच होऊन गेला. ‘चारुलता’मधल्या दिवाणखान्यात, ‘महानगर’मधल्या मध्यमवर्गीय खोलीत जो मऊ, कोणावर आरोप न करणारा उजेड दिसतो, आणि ज्याला आपण राय यांच्या दृष्टीची करुणा म्हणतो, त्याचा जन्म एका चौकाच्या अडचणीतून झालेला आहे. चौक इतका खरा झाला होता की त्याला खोटा उजेड चालेना. भिंतीने हट्ट धरला. छायालेखकाने तो पुरविला. दिग्दर्शकाने त्यातला अर्थ ओळखून तो आपलासा केला. या तिघांपैकी एकाला वगळले तर ते दृश्य शिल्लक राहत नाही.

‘चारुलता’ची (१९६४) सुरुवातही अशीच पाहण्यासारखी आहे. मोठ्या घरात एकटी पडलेली चारू एका खिडकीच्या झडपेतून रस्त्यावरचा माणूस पाहते. तो दिसेनासा झाला की लगबगीने पुढच्या खिडकीशी जाते, मग तिच्या पुढच्या. कॅमेरा तिच्यामागून फिरतो. बाई शब्द बोलत नाही, पण तिचा सारा रिकामा दिवस आपल्याला समजतो. आपण म्हणतो, काय कॅमेऱ्याची चाल! पण कॅमेरा चालतो तो बांधलेल्या वाटेने. ते घर सेट होते. खिडक्या एकीपुढे एक कोठे याव्यात, झडपांच्या पट्ट्यांतून किती दिसावे, दारातून दुसऱ्या दाराचा किती भाग नजरेत यावा, हे लाकडात आधी ठरलेले होते. कवीने ओवी लिहिली म्हणून ओवीचे माप त्याचे होत नाही, तसेच हे.

आणि ‘जलसाघर’ (१९५८) तर या विषयावरचा दृष्टांतच म्हणावा. उतरती कळा लागलेल्या जमीनदाराचा वाडा राय यांना मुर्शिदाबाद जिल्ह्यात निमतिता येथे मिळाला. नदीने शेते गिळलेली, समोर ओसाड वाळू. मूळ कथा लिहिणाऱ्या ताराशंकर बंद्योपाध्यायांना कथा सुचली होती तीही याच घराण्यावरून. याहून अस्सल ते काय असणार? पण कथेचा जीव ज्या संगीतशाळेत आहे ती त्या वाड्यात हवी तशी सापडेना. ती बन्सीने स्टुडिओत बांधली. म्हणजे खरा वाडा अपुरा पडला आणि खोटी खोली त्याला पुरी करावी लागली. झुंबर, जुना आरसा, पूर्वजांच्या तसबिरी. छबी विश्वासांचा जमीनदार आपले शेवटचे वैभव उधळतो ते त्या खोट्या छताखाली. आणि आपल्याला एक क्षणही वाटत नाही की हे खोटे आहे.

पुढे १९७० नंतर बन्सी मुंबईस गेला आणि राय यांच्याकडे बव्हंशी अशोक बोस यांनी काम पाहिले. तरीही राय यांचे चित्रपट राय यांचेच वाटत राहिले. तेव्हा शैली बन्सीने मुंबईला नेली नाही, हे उघड आहे. मग ती कोठे होती? मला वाटते, शैली ही मालमत्तेसारखी एकाच्या कुलपात ठेवण्याची वस्तू नव्हेच. ती दोन माणसांच्या मध्ये घडते, आणि घडल्यावर दोघांच्याही अंगी मुरते. नदीला आपण पाण्याचे नाव देतो. काठांना नाव देत नाही. पण काठ काढून घेतले तर उरते ती दलदल. कलादिग्दर्शक हा दिग्दर्शकाच्या कल्पनेचा काठ आहे. तो तिला अडवितो, म्हणून ती वाहते.

माझ्या स्नेह्यांच्या पाथरवटाला मी येथे नम्रपणे निरोप देतो. पाथरवटाचे काम संपल्यावर प्राणप्रतिष्ठा होते. कलादिग्दर्शकाचे काम आणि दिग्दर्शकाचे काम एकमेकांत विणलेले असते. विणीतला उभा धागा कोणता आणि आडवा कोणता, हे सांगता येते. पण लुगडे कोणत्या धाग्याचे, हा प्रश्नच चुकीचा.

येथे दुसरा एक प्रश्न आडवा येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. या भिंती तर खोट्या! लाकडाच्या पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर कापड नाही तर प्लायवुड, वर प्लॅस्टर आणि रंग. नवे लाकूड जुने दिसावे म्हणून ते जाळतात आणि तारेच्या ब्रशाने घासून त्याच्या रेषा वर काढतात. भिंतीला शंभर पावसाळ्यांचे डाग एका दुपारी देतात. जी कला मुळातच फसवणुकीवर उभी, तिच्या श्रेयाचा न्यायनिवाडा कसला करायचा?

याचे उत्तर मला तत्त्वज्ञांच्या ग्रंथांपेक्षा दिवाळीतल्या किल्ल्यात मिळते. अंगणात, नाही तर इमारतीच्या जिन्यापाशी, मुले दगडविटा रचतात, गोणपाट टाकतात, वर चिखल लिंपतात, अळीव पेरून हिरवळ आणतात. पायथ्याला आरशाच्या तुकड्याचे तळे असते. सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच असतात, आणि मावळा दरवाजातून आत जाऊ शकत नाही. मापाने पाहिले तर एक गोष्ट खरी नाही. पण मुलांना कोणी लबाड म्हणत नाही. कारण महाराज बुरुजापेक्षा उंच आहेत, ही त्यांच्या मनातली गोष्ट त्यांनी प्रामाणिकपणे मातीत सांगितलेली असते. आपल्या नाट्यशास्त्राने हे फार पूर्वी ओळखले आणि दोन शब्द दिले : लोकधर्मी आणि नाट्यधर्मी. जगात दिसते तसे दाखविणे हा एक धर्म. रंगभूमीच्या संकेताने दाखविणे हा दुसरा. लक्षात घ्या, दोघांनाही ‘धर्म’ म्हटले आहे. एकाला सत्य आणि दुसऱ्याला असत्य म्हटलेले नाही.

म्हणून भिंत हुबेहूब आहे की नाही, ही प्रामाणिकपणाची कसोटी मी मानीत नाही. भिंत तिच्या आत राहणाऱ्या माणसाशी इमान राखते की नाही, ही माझी कसोटी. जर्मनीतील ‘डॉ. कॅलिगारी’ (१९२०) या चित्रपटात घरे वाकडी, खिडक्या तिरप्या, सावल्यासुद्धा रंगाने काढलेल्या आहेत. पण ती कथा सांगणाराचे मनच वाकडे झालेले आहे, म्हणून त्या भिंती खऱ्या. आपले मराठी चित्रकार एम. आर. आचरेकर यांनी राज कपूरच्या ‘आवारा’त (१९५१) जे स्वप्न उभे केले, त्यात धुके आहे, आभाळात जाणाऱ्या पायऱ्या आहेत, अक्राळविक्राळ मूर्ती आहेत. असे ठिकाण पृथ्वीवर नाही. पण चोरीच्या पापाने दबलेल्या आणि प्रेमाने वर ओढलेल्या पोराच्या मनात ते नक्की आहे. ‘मुघल-ए-आझम’मधला (१९६०) शीशमहाल घ्या. त्याच्या लखलखाटाने छायालेखक माथूर यांच्यापुढे कॅमेऱ्याचे डोळे दिपण्याचे संकट उभे केले, अशी त्याची ख्याती आहे. उधळपट्टीच ती! पण बादशहाने डोळे फिरवावेत आणि छताच्या प्रत्येक आरशात तीच नाचणारी, न भिणारी पोर दिसावी, यासाठी ती उधळपट्टी होती. त्या काचा अनारकलीशी इमान राखून आहेत.

उलट, तीन माणसांच्या संसारासाठी उसनवारी करणाऱ्या कारकुनाचे म्हणून जे घर आपल्याला पडद्यावर अनेकदा दाखविण्यात येते, त्याच्या दिवाणखान्यात एखादे लग्न पार पडावे! त्या घरातली वीट न् वीट खरी असली तरी घर खोटे. तेथे फसवणूक प्रेक्षकाची होते ती थोडी. खरी फसवणूक त्या कारकुनाची होते. त्याच्या अडचणीला जागाच ठेवलेली नसते. बाई रडते ते आपल्याला पटत नाही, कारण एवढ्या मोठ्या घरात रडायला तिला कारण काय, असे मन विचारते. देहूच्या घरात जिजाईचा प्रत्येक शब्द पटतो. कारण तिची बाजू मांडायला खुद्द भिंती उभ्या असतात. सेट हा नुसता शोभेचा नसतो, तो साक्षीदार असतो. आणि साक्षीदाराने खोटे बोलू नये, एवढीच नीती त्याला लागू.

आता ऋणाचा हिशेब. कोणी म्हणेल, कलादिग्दर्शकाला स्वतःलाच नाव नको असते. खरे आहे. या कलेचा नियमच असा की काम उत्तम झाले तर ते दिसेनासे होते. प्रेक्षक बाहेर पडताना ‘काय सेट होता!’ म्हणाला, तर कित्येक चांगल्या कलादिग्दर्शकांना आपले काही चुकले असे वाटते. बन्सी चंद्रगुप्तांचे काम या जातीचे होते. त्यांची घरे लोकांना जागेवर सापडलेली वाटत. पण यावरून आपण सुटलो असे कोणी समजू नये. विनय हा देणाऱ्याचा गुण आहे. घेणाऱ्याची ती सबब होऊ शकत नाही. आईने ‘मला भूक नाही’ म्हटले म्हणून तिच्या ताटातले उचलणाऱ्या मुलाला आपण काय म्हणतो?

आणखी कोणी म्हणेल, असे मोजू लागलो तर शेवट कोठे? कलादिग्दर्शक झाला, मग सुतार, मग खिळा ठोकणारा, मग खिळा करणारा. एवढ्या जणांत शैली वाटायची तर प्रत्येकाच्या वाट्याला येणार तरी काय? ही भीती मालमत्तेच्या वाटणीची आहे, आणि ती येथे गैरलागू आहे. फराळाच्या ताटापाशी पाहुणे म्हणतात, ‘वहिनी, चकली झकास झाली आहे हं!’ आणि वहिनी म्हणतात, ‘भाजणी सासूबाईंची आहे, मी नुसती तळली.’ या वाक्याने वहिनींची चकली मऊ पडत नाही. सासूबाई स्वयंपाकघरातून ऐकतात आणि काही बोलत नाहीत; पण पुढच्या वर्षीची भाजणी त्या वाक्यावर भाजली जाते. श्रेय वाटल्याने मूळ माणसाचे कमी झाले, असे निदान मी पाहिलेले नाही. राय यांनी बन्सींचे ऋण मोकळेपणाने बोलून दाखविले. त्यामुळे राय कोणाच्या दृष्टीने उणे झाले?

माणसांचे सोडाच, भिंतींचे तरी काय होते पाहा. घर बांधणारा गवंडी आपल्या नातवाला हात धरून नेऊ शकतो आणि म्हणू शकतो, ‘हे मी बांधले.’ सेट बांधणाऱ्याला ती सोय नाही. चित्रण संपले की पहार लागते. गणपतीचे मखर तसे हे. फरक इतकाच की येथे ‘पुढच्या वर्षी लवकर या’ म्हणायलाही कोणी थांबत नाही. काशीचा चौक गेला, जमीनदाराची संगीतशाळा गेली. चेंबूरच्या आर. के. स्टुडिओचा मोठा मंच २०१७ च्या आगीत जळाला, आणि पुढे ती जागाही विकली गेली. ‘प्रभात’ १९५३ मध्ये बंद पडली. तिचे दैव त्यातल्या त्यात बरे, कारण १९६० मध्ये त्याच जागेत चित्रपट शिकविणारी सरकारी संस्था सुरू झाली. गुरुदत्तच्या ‘कागज के फूल’मध्ये (१९५९) म्हातारा दिग्दर्शक शेवटी रिकाम्या स्टुडिओत येऊन आपल्या खुर्चीवर प्राण सोडतो. त्या चित्रपटाचे कलादिग्दर्शनही आचरेकरांचेच. स्टुडिओचाच सेट करायचा, आणि तोही सारे सेट गेल्यावर उरलेल्या पोकळीचा! दिग्दर्शकाचे मरण आपण डोळे पुसत पाहतो. त्या पोकळीला आकार देणाऱ्या माणसाचा विचार तेव्हा मनात येत नाही. आणि येऊही नये. तो यायचा तो नंतर.

बन्सी चंद्रगुप्त १९८१ मध्ये न्यूयॉर्क येथे वारले. त्यांच्या शेवटच्या कामांपैकी एक होते ‘चक्र’. जयवंत दळवींच्या मराठी कादंबरीवरचा, मुंबईच्या झोपडपट्टीतला हा चित्रपट. काश्मीर सोडून आलेल्या माणसाने बंगालचे खेडे केले, काशीचा चौक केला, लखनौची नबाबी केली, आणि अखेरीस मुंबईच्या झोपडीच्या पत्र्यापाशी त्याचा हात थांबला. त्या कामासाठी फिल्मफेअरचे पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते घ्यायला तो नव्हता. स्मिता पाटीलचा त्या झोपडीतला वावर आपल्या लक्षात आहे. झोपडी लक्षात नाही. आणि ती लक्षात नाही म्हणूनच वावर लक्षात आहे.

आता भिंती संगणकावरही उभ्या राहतात. त्यांना चुना लागत नाही आणि पहारही लागत नाही. पण त्या सुचणारा आणि त्या भिंतीच्या आतल्या माणसाशी इमान राखणारा कोणी तरी असावाच लागतो. तेव्हा प्रश्न जागचा हललेला नाही. उलट विसरणे सोपे झाले आहे. थिएटरात नावे वर सरकू लागली की लोक चपला शोधू लागत; घरच्या पडद्यावर तर ती नावे कोपऱ्यात आक्रसतात आणि पुढचा भाग न विचारता सुरू होतो.

आपल्याकडे ऋणाची कल्पना मोठी समंजस आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण ही फिटून मोकळे होण्यासाठी सांगितलेली नाहीत. माणसाने आपण एकट्याच्या बळावर उभे नाही हे विसरू नये म्हणून सांगितलेली आहेत. भिंतीचे ऋण त्याच जातीचे आहे. ते फेडायला मानपत्र नको, पुतळा तर नकोच. या सुटीत घरातली सगळी मंडळी मिळून एखादा चित्रपट पाहतील. तो संपल्यावर कोणी तरी लहानग्याच्या हातून ती कळ काढून घ्यावी, आणि नावे संपेपर्यंत बसावे. चारपाच मिनिटांचे काम आहे. आणि त्या सरकत्या नावांत ‘कलादिग्दर्शन’ हा शब्द आला, तर पुढचे नाव मोठ्याने वाचावे.